गोल सह्यांचा अर्ज

दारावर थाप पडली की सुनंदा आधी टाईपरायटरमधला कागद ओढून काढायची, तो उशीच्या अभ्र्यात सारायची आणि मगच कडी काढायला उठायची. ही सवय तिला पंचाहत्तर सालच्या जूनमध्ये लागली. त्याआधी असं काही नव्हतं. बहारीनच्या माहूज वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती दार सताड उघडं टाकून टाईप करत बसायची, आणि समोरच्या बिऱ्हाडातली झोहरा येता-जाता डोकावून हवेत बोटं नाचवत तिची नक्कल करायची.

टाईपिंग ती गिरगावात शिकली होती. लग्न होऊन बहारीनला निघाली तेव्हा वडिलांनी छोटं, उचलून नेता येणारं मशीन बरोबर दिलं होतं. नवरा, राजन पेडणेकर, एका बांधकाम कंत्राटदाराच्या ऑफिसात अकाउंटंट होता. तो सकाळी सातला गेला की घर खायला उठायचं. म्हणून मिसेस व्हिटकर नावाच्या अमेरिकन बाईंनी एक मोठं हस्तलिखित टाईप करून द्याल का असं विचारलं, तेव्हा सुनंदा लगेच हो म्हणाली.

बाई पन्नाशीच्या, नवरा बँकेत. गेली अकरा वर्षं त्या एकाच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या: या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले कामगार कसे लढले. त्यांची आजी लॉरेन्स नावाच्या गावात कापडगिरणीत विणकर होती. आजीच्या तोंडून ऐकलेलं आणि वर्तमानपत्रांतून, कोर्टाच्या कागदांतून उतरवून काढलेलं असं सगळं त्यांनी तिरप्या, घाईच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

पहिली पन्नास पानं सुनंदाच्या बोटांनी टाईप केली, डोक्यात काही शिरलं नाही. मग न्यूयॉर्कच्या आगीचं प्रकरण आलं. १९११ साली ब्लाऊज शिवणाऱ्या कारखान्यात आग लागली. कारखान्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. एकशे शेहेचाळीस माणसं गेली, त्यांतल्या बहुतेक पोरी. सुनंदाचे हात थांबले. ती उठली, पाणी प्यायली आणि उगाचच आपल्या दाराची कडी काढून-घालून पाहिली.

पुढच्या प्रकरणात लॉरेन्स आलं. भर हिवाळ्यात गिरण्या बंद पडल्या होत्या. कितीतरी देशांतून आलेली माणसं, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, आणि तरी सगळी एकदम बाहेर पडली. फाटकापाशी जमून उभं राहू देत नव्हते, म्हणून हजारो माणसं रांग लावून गिरण्यांभोवती चालत राहिली. थांबायचंच नाही. समोर संगिनी लावलेले शिपाई, पायाखाली बर्फ. खिडकीबाहेर बेचाळीस डिग्रीनं तापलेलं असताना सुनंदा त्या बर्फाबद्दल टाईप करत होती आणि तिच्या अंगावर काटा येत होता.

त्याच दिवशी राजन दुपारी जेवायला आला, आणि टेबलावरचं पान त्यानं सहज उचललं.

"सुनंदा, हे काय आहे?"

"व्हिटकरबाईंचं पुस्तक."

"पुस्तक?" त्यानं पान तिच्यासमोर धरलं. "स्ट्राइक. युनियन. अटक. एका पानावर दहा वेळा! कुणी बघितलं हे?"

"झोहरा येते तेवढीच. अहो, साठ वर्षांपूर्वीचं आहे. अमेरिकेतलं."

"ते आपल्याला ठाऊक. दारात येणाऱ्याला कोण समजावणार?"

राजन घाबरट होता असं नाही, पण त्यानं हमीदला जाताना पाहिलं होतं. आदल्या वर्षी शहरात काही ठिकाणी काम बंद पडलं, मग नवा कायदा आला. नुसत्या संशयावरून माणसाला आत ठेवता येईल असा. राजनच्या शेजारच्या टेबलावर हमीद नावाचा इथलाच क्लार्क बसायचा. एका दुपारी साध्या कपड्यातली दोन माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. त्याचा चष्मा टेबलावरच राहिला. त्यानंतर ऑफिसात त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

"आजच्या आज परत देऊन टाक," राजन म्हणाला.

पण बाई आदल्याच आठवड्यात सुट्टीवर अमेरिकेला गेल्या होत्या, त्या सप्टेंबरात येणार. राजन म्हणाला, जाळून टाक. सुनंदानं मान हलवली. "अकरा वर्षं आहेत हो बाईंची त्यात. दुसरी प्रत नाही."

त्यानं उठून दाराला कडी घातली. त्या दिवसापासून दार बंद राहू लागलं, आणि जिन्यात बुटांचा आवाज झाला की दोघांचंही बोलणं तुटायचं.

जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी गुंडू आला. गुंडू म्हणजे सुनंदाच्या मालूमावशीचा मुलगा, कुडाळजवळच्या गावातला. तिनंच राजनला सांगून त्याला दोन वर्षांपूर्वी आणवला होता. राजनच्याच कंपनीत, जिदहफ्सकडच्या साईटवर तो सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबला फळ्यांचा साचा बांधणारा, सुतार होता. एरवी आला की आल्या आल्या 'ताई, सोलकढी आसा?' म्हणून विचारायचा. आज दारातच उभा राहिला. गाल आत गेले होते, ओठ फुटले होते.

"भावजी?"

"झोपलेत आत. ये ना. काय झालं रे?"

तो खाली जमिनीवरच बसला. हळू आवाजात बोलला. "ताई, परवा दोघे उभ्या उभ्याच खाली पडले. देवगडचो तुकाराम अजून हॉस्पिटलात आसा. पाण्याचा पिंप उन्हात ठेवतत. पिताना जीब भाजता. बारा वाजता, एक वाजता, वरती लोखंडाक हात लावूक गावना नाय, तरी खाली उतरूक देत नाय."

"फोरमनला सांगितलंत?"

"सांगितला. तो म्हणता, जमना नाय तर घरी जा." त्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर कुणीतरी हिंदीत पेन्सिलीनं दोन मागण्या लिहिल्या होत्या. थंड पाणी. दुपारी बारा ते दोन सावली. "आमी भांडूक जातव नाय. फक्त सांगूक जातव. त्रेसष्ट जण आसव. तामिळी आसत, मलबारी आसत, पठाण आसत. कागद इंग्लिशीत असलो तर मोठो सायब वाचतलो. तुझ्याकडे मशीन आसा."

सुनंदानं तो कागद वाचला. आतल्या खोलीत राजन कुशीवर वळल्याचा आवाज आला. कंपनी त्याचीच. साहेब त्याचाच. व्हिसा त्याच कंपनीचा, आणि तिचा व्हिसा त्याच्या व्हिसावर.

"गुंडू, मला नको रे सांगूस हे," ती म्हणाली. "ह्यांची नोकरी जाईल. नोकरीचंही सोड, हमीदसारखं काही झालं तर मी कुणाकडे जाऊ?"

गुंडूनं कागद परत खिशात ठेवला. तिनं वाढलेला भात त्यानं मुकाट्यानं खाल्ला, ताट धुऊन ठेवलं आणि गेला. त्यानं ताट धुतलं हे तिला फार लागलं. परक्याच्या घरी जेवल्यासारखं.

त्यानंतर चारच दिवसांनी राजन संध्याकाळी घरी आला तो बूट न काढता खुर्चीत बसून राहिला.

"साईटवरचा माणूस गेला," तो म्हणाला. "सेंट्रिंगचा सुतार. कोकणातला."

सुनंदा हातातलं भांडं ठेवून त्याच्यासमोर आली. "नाव?"

"माझ्याकडे नुसता नंबर आला. मृतदेह मुंबईला पाठवायचे कागद करायचेत. साहेबांनी सांगितलं, 'नैसर्गिक मृत्यू' लिहा. मी लिहिलं."

"अहो, नाव विचारलं नाहीत? आपला गुंडू तिथंच आहे ना!"

राजननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला विचारायची भीती वाटली होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ऑफिसात जाऊन, फाईल उघडून, झोहराच्या फोनवर निरोप द्यायला साडेआठ वाजले. तोवर सुनंदा झोहराच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून बसली होती. झोहरा तिचा हात हातात धरून होती. काय झालंय ते तिनं विचारलं नाही.

गेला होता तो तुकाराम. सुनंदाला आधी सुटल्यासारखं झालं, आणि मग स्वतःची अशी शरम वाटली की ती ढसाढसा रडली.

शुक्रवारी सकाळी राजन नेहमीप्रमाणे मनामातल्या मंदिरात गेला. सुनंदानं गुंडूला आधीच निरोप धाडला होता. तो आल्यावर तिनं दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या आणि मशीनखाली चादर दुमडून घातली, म्हणजे आवाज कमी व्हावा. चुका होऊन दोनदा कागद बदलावा लागला. मजकूर दहा ओळींचा. नम्र विनंती. तुकारामचं नाव तिनं आडनावासकट घातलं. पिंप सावलीत ठेवावं, त्यात बर्फ टाकावा, बारा ते दोन काम थांबवावं.

"खाली सही पैली कोणाची?" गुंडूनं विचारलं. "जो पैलो, तेका पैलो घराक धाडतले."

सुनंदाला आपण टाईप केलेली, व्हिटकरबाईंच्या आजीची एक गोष्ट आठवली. तिच्या खात्यातल्या विणकर बायकांनी मुकादमाविरुद्ध तक्रार दिली तेव्हा सह्या गोलात केल्या होत्या. तिनं स्वयंपाकघरातली ताटली आणली, दुसऱ्या कोऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि पेन्सिलीनं गोल काढला.

"ह्याच्याभोवती सगळ्यांनी नावं लिहायची. चाकाच्या आऱ्यांसारखी. पहिला कोण, शेवटचा कोण, कुणाला कळणार नाही. ज्याला लिहिता येत नाही त्यानं अंगठा."

गुंडू त्या गोलाकडे बघत राहिला आणि कित्येक दिवसांनी हसला. "ह्या तुका कोणी शिकवला?"

"एका म्हातारीनं," सुनंदा म्हणाली. "आता जा लवकर."

तो गेल्यावर मजकुराचा माग राहू नये म्हणून तिनं कार्बन जाळला, रिबन बदलली. आपण सगळं नीट केलं असं तिला वाटलं. रविवारी सकाळी अकरा वाजता कुलपात किल्ली फिरली आणि राजन आत आला. ऑफिसच्या वेळात तो कधीच घरी येत नसे.

"मशीन कुठाय?"

तिनं पलंगाखाली बोट दाखवलं.

"तो कागद साहेबांच्या टेबलावर आहे. गोल गोल फिरवून बघितला त्यांनी. सुरुवात कुठं ते सापडेना. मग म्हणाले, सह्या राहू देत. हे टाईप कुणी केलं? मजुरांच्या कॅम्पात एकालाही इंग्लिश येत नाही." तो पलंगावर बसला. "मी एक नजर टाकली आणि ओळखलं, सुनंदा. आर. तुझ्या मशीनचा आर ओळीच्या वर उडतो."

आर वर उडतो हे तिला माहीत होतं. दर पानावर दिसायचा. पण ती खूण आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"साहेबांनी सगळ्या स्टाफच्या फायली मागवल्या. अर्ज, पत्रं, जे काही टाईप केलेलं असेल ते. फायली मीच काढून दिल्या. माझ्या फायलीत मार्चमधला लीव्हचा अर्ज होता. तूच टाईप करून दिलेला."

राजन वाकला, बूट काढला, मोजा खाली ओढला. घामानं ओला झालेला, आठ घड्या घातलेला कागद त्यानं बाहेर काढला.

"आयुष्यात ऑफिसातली टाचणी घरी आणली नाही मी," तो म्हणाला, आणि कागद तिच्या हातात दिला.

कागद त्यांनी गॅसवर जाळला. मग सुनंदानं समोरचं दार ठोठावलं. झोहराला तिनं मोडक्या हिंदीत एवढंच सांगितलं, की हे मशीन काही दिवस तुझ्याकडे ठेव. झोहराचा भाऊ आदल्या वर्षी असाच धरला गेला होता. तिनं अंगावरचा काळा अबाया पसरला, मशीन पोटाशी घेतलं आणि वरून अबाया लपेटला. "मैं कुछ नहीं देखा," ती म्हणाली. "यल्ला, तुम जाओ."

मंगळवारी चार वाजता ताहिर आला.

ताहिर कंपनीचा मंदूब होता, म्हणजे व्हिसा, पासपोर्ट, पोलीस, सगळ्या सरकारी कामांसाठी धावणारा माणूस. मुहर्रकचा, चाळिशीतला, स्वच्छ पांढऱ्या पायघोळ थोबमधला. इंग्लिश आणि हिंदी दोन्ही सफाईनं बोलायचा. राजनही घरीच होता. ताहिर खुर्चीत बसला, घरची चौकशी केली, मग खिशातून एक कोरा कागद काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम छान टाईप करतात असं ऐकलं. मला एक पत्र करून हवं होतं."

"मशीन नाही माझ्याकडे," सुनंदा म्हणाली. "अमेरिकन बाईंचं होतं. त्या जाताना घेऊन गेल्या."

"केव्हा?"

"जूनमध्ये."

"खालचा वॉचमन म्हणतो, अजून आवाज येतो."

व्हिटकरबाईंची पानं राजनच्या पाठीमागच्या उशीच्या अभ्र्यात होती. तो त्या उशीला इतका टेकून बसला होता की जणू भिंतच पडणार आहे.

ताहिरनं टेबलाकडे पाहिलं. मेणकापडावर मशीनच्या चार रबरी पायांचे चार खळगे पडले होते, वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवल्यानं. सुनंदाला ते पुसता येणारच नव्हते. ताहिरनं एका खळग्यात बोट ठेवलं. मग दुसऱ्यात. मग त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, संपलं.

"चहा मिळेल?" तो म्हणाला.

तिनं चहा आणला. ताहिर सावकाश प्यायला.

"माझा बाप मोत्यांसाठी बुड्या मारायचा," कप खाली ठेवत तो म्हणाला. "कान गेले त्याचे. छाती गेली. बोटीचा नाखुदा म्हणेल ती पूर्व दिशा. त्याला लिहिता येत नव्हतं, आणि कुणी लिहूनही दिलं नाही." तो उठला, कोरा कागद घडी करून खिशात टाकला. "मी बघितलं. इथं मशीन नाही. तसं मी सांगीन. पण राजनभाई, पुढच्या वेळी मीच येईन असं समजू नका."

तो गेल्यावर सुनंदानं दाराला कडी घातली. ताहिर वाचवायला आला होता की बजावायला, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

आठवड्याभरानं गुंडूचा निरोप आला. पिंपावर ताडपत्री घातली होती. रोज सकाळी बर्फाच्या दोन लाद्या येत होत्या. बारा ते दोन नाही, पण बारा ते एक काम थांबत होतं. साहेबांनी अर्जाचा उल्लेखही केला नाही. ऑगस्ट गेला. सप्टेंबरात व्हिटकरबाई परतल्या, त्यांना सुनंदानं पानं नेऊन दिली. उरलेली तीन प्रकरणं त्यांच्याच घरी, त्यांच्याच मशीनवर टाईप करीन, असं ती म्हणाली. बाईंनी कारण विचारलं. तिनं सांगितलं नाही.

भीती जरा सैल होत आली होती, तेव्हाच स्लॅब पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी सात जणांचे व्हिसा रद्द झाले. साहेबांना कामापुरते सुतार हवे होते, तेवढे दिवस ते गप्प बसले होते. गोलात पहिला कोण ते त्यांना सापडलं नव्हतं, म्हणून फोरमनशी तोंड उघडून बोललेले सात त्यांनी निवडले. त्यांत गुंडू होता.

"मी विमानतळावर जाणार," सुनंदा म्हणाली.

"ताहिर असेल तिथं. पासपोर्ट त्याच्याकडेच असतात."

"असू दे. मावशीला काय सांगू, की तुझा मुलगा गेला तेव्हा मी घरात कडी लावून बसले होते?"

राजन टॅक्सीत तिच्या शेजारी येऊन बसला तेव्हा तिला नवल वाटलं. मुहर्रकच्या पुलावरून जाताना तो एकदा म्हणाला, "आपण लांबूनच बघू." विमानतळावर सातही जण एका बाकावर आणि बाकाशेजारी जमिनीवर बसले होते, दोरीनं बांधलेल्या ट्रंका घेऊन. ताहिर सात पासपोर्ट हातात धरून उभा होता. त्यानं दोघांना पाहिलं. सुनंदा जागीच थांबली.

पुढे गेला तो राजन. हातातली चपात्यांची आणि लोणच्याची पिशवी छातीशी धरून, ताहिरच्या समोरून, न थांबता. गुंडू उठून उभा राहिला.

"गुंडू, तुकारामचं 'नैसर्गिक' मी लिहिलं रे," तो एकदम म्हणाला.

गुंडूनं पिशवी घेतली. "भावजी, तुमी नाय लिवलात तर दुसऱ्यान लिवला असता," तो म्हणाला. त्यात माफी होती की नव्हती, राजनला कळलं नाही. मग गुंडू सुनंदाकडे वळला. "ताई, रडा नको. तो म्हातारो पठाण आसा मा, काल बर्फाचो तुकडो तोंडात धरून माका म्हणालो, गुंडू, ह्यो बर्फ तुझो."

"दहा मिनिटं," ताहिर कुणाकडेही न बघता म्हणाला. आणि घड्याळाकडे पाठ करून उभा राहिला.

राजनची नोकरी आणखी तीन वर्षं टिकली, आणि त्या तीन वर्षांत एकही दिवस दोघं निर्धास्त झोपले नाहीत. अठ्ठ्याहत्तरमध्ये ते आपणहून मुंबईला परतले. हमीद त्याआधी सुटला होता, पण ऑफिसात परत आला नाही. गुंडूनं कुडाळला सुतारकामाचं दुकान टाकलं, लग्न केलं. परतल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला सुनंदा आणि राजन त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं दोघांना देवगडला तुकारामच्या घरी नेलं. तुकारामची बायको शेवंती ओटीवर बसली होती. राजन तिच्यासमोर खाली बसला आणि काय झालं होतं ते, काहीही न लपवता, पहिल्यापासून सांगू लागला.